वाचक विचारतात : नाकाचं टोक हललं, तर सगळं अंग हलतं

गेल्या अंकात व्सेवोलोद मेयरहोल्ड या रशियन नाट्यदिग्दर्शकाबद्दल मी पाऊण पान लिहिलं होतं. एवढ्याशा मजकुरावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींना त्यांचं आयुष्य जाणून घ्यायचं आहे, काहींना त्यांचे व्यायाम आपल्या मुलांकडून करून घ्यायचे आहेत. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्या पत्रांत इतरांचेही प्रश्न सामावले आहेत, ती निवडली आहेत.

बाई, आमच्या घरी नाटक म्हणजे 'संशयकल्लोळ' आणि 'एकच प्याला'. हे मेयरहोल्ड कोण, ते जरा पहिल्यापासून सांगाल का? — एक वाचक, विटा

पहिल्यापासूनच सांगते. १८७४ साली पेन्झा गावात एका जर्मन वंशाच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा व्होडका गाळण्याचा कारखाना होता. पाळण्यातलं नाव कार्ल काझिमिर थिओडोर. एकविसाव्या वर्षी त्यांनी ल्यूथरन पंथ सोडून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ घेतला आणि गार्शिन या आपल्या आवडत्या लेखकाचं पहिलं नाव स्वतःला लावलं : व्सेवोलोद. मॉस्कोत कायदा शिकायला गेले, तो सोडला आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांच्या नाट्यवर्गात दाखल झाले. १८९८ साली नेमिरोविच-दान्चेन्को आणि स्तानिस्लावस्की यांनी मॉस्को आर्ट थिएटर काढलं, तेव्हा पहिल्याच नटसंचात हा चोवीस वर्षांचा उंच, किडकिडीत मुलगा होता. त्याच डिसेंबरात चेखोव्हच्या 'सीगल'मध्ये त्यांनी त्रेप्लेव्हची भूमिका केली. रंगभूमीला नवी रूपं हवीत म्हणून तडफडणारा, आणि घरचेच लोक ज्याला समजून घेत नाहीत असा हा तरुण लेखक. मला नेहमी वाटतं, ती भूमिका त्यांच्या अंगावरून कधी उतरलीच नाही.

चार वर्षांत ते तिथून बाहेर पडले. दक्षिणेत खेर्सोनला स्वतःची मंडळी उभी केली, पुढे पीटर्सबर्गमध्ये वेरा कोमिसार्झेव्हस्काया या थोर अभिनेत्रीच्या थिएटरात दिग्दर्शन केलं, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं झारच्या सरकारी नाटकगृहांत नाटकं आणि ऑपेरा बसवले. १९१७ च्या क्रांतीनंतर मॉस्कोत त्यांच्या नावाचं थिएटर झालं. १९३८ साली ते बंद केलं गेलं. १९४० साली त्यांना गोळी घातली गेली.

आडनाव रशियन उच्चाराप्रमाणे 'मेयेरखोल्द' असं होईल. मराठीत 'मेयरहोल्ड' रुळलं आहे, मीही तेच लिहिते.

बाई, कार्यशाळेत आम्हाला सांगितलं की स्तानिस्लावस्की म्हणजे आतून बाहेर, मेयरहोल्ड म्हणजे बाहेरून आत, आणि दोघांचं हाडवैर होतं. मग आम्ही कुणाचं ऐकायचं? — एकांकिका करणारा विद्यार्थी, कराड

हाडवैर नव्हतं. हा शब्द तुझ्या मनातून जावा म्हणून मी हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

१९०५ सालची गोष्ट घे. मॉस्को आर्ट थिएटरची वाहवा चालू होती. चहाचा समोवार खरा, रातकिड्यांचा आवाज खरा, पडद्यामागून येणारा घोड्यांच्या टापांचा आवाजही खरा. आणि नेमकं त्याच वेळी स्तानिस्लावस्कींना वाटू लागलं की आपण अडकलो आहोत. बेल्जियन नाटककार मातरलिंकसारख्यांची नवी, गूढ नाटकं या पद्धतीनं उभी राहत नव्हती. तेव्हा त्यांनी कुणाला बोलावलं? तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मेयरहोल्डना. पोवार्स्काया रस्त्यावर एक प्रयोगशाळाच काढून दिली, स्वतःच्या खिशातून. मेयरहोल्डनी मातरलिंकचं 'तँताजीलचा मृत्यू' घेतलं. नटांनी संथ, कोरीव हालचाली करायच्या, मूर्तीसारखं थांबायचं, शब्द विहिरीत थेंब पडावा तसे टाकायचे.

रंगीत तालमीला रंगमंचावर अर्धा अंधार होता. स्तानिस्लावस्कींनी प्रकाश वाढवायला लावला. प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. प्रकाश वाढला आणि पडद्यांवरचं गूढ विरघळून गेलं. मागे उरले ते भेदरलेले, नवशिके नट. त्यातच ऑक्टोबरात मॉस्कोत संप आणि गोळीबार सुरू झाले. ते थिएटर लोकांसाठी कधी उघडलंच नाही. खर्च स्तानिस्लावस्कींनी सोसला.

त्या तालमीतून दोघं दोन गोष्टी शिकले. 'नवी कल्पना पेलणारा नट तयार नाही' हे दोघांनाही कळलं. एक त्या नटाच्या मनाकडे वळला, दुसरा त्याच्या शरीराकडे. फरक आहे तो एवढाच, आणि तो खूप मोठा आहे हेही मान्य.

आता आपल्याकडे गोंधळ का झाला, ते पाहा. स्तानिस्लावस्कींचं अभिनयावरचं पुस्तक १९३६ साली इंग्रजीत आलं. के. नारायण काळे यांनी ते 'अभिनय साधना' म्हणून मराठीत आणलं, आणि माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ते पोथीसारखं वाचलं. मी माझ्या प्रतीला दोनदा बांधणी करून घेतली आहे. पण ते होतं विषयाचं अर्धं अंग : भावना, स्मरण, कल्पना. शरीर आणि आवाज यांवरचा दुसरा भाग इंग्रजीत यायला १९४९ उजाडलं. मधल्या तेरा वर्षांत जगभर समज होऊन बसला की स्तानिस्लावस्की म्हणजे आत डोकावून बसणं. ते स्वतः मात्र शेवटच्या वर्षांत, घरातच फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'तार्त्युफ'च्या तालमी घेताना, नटांना 'तुला काय वाटतंय' हे विचारायचं सोडून 'तू आत्ता काय करतोयस' एवढंच विचारत होते.

आणि १९३८ चा जानेवारी. मेयरहोल्डचं थिएटर सरकारनं बंद केलं होतं. रस्त्यात ओळखीची माणसं नजर चुकवत होती. अशा वेळी पंचाहत्तर वर्षांच्या, आजारी स्तानिस्लावस्कींनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या ऑपेरा थिएटरात काम दिलं. स्टालिनच्या दहशतीच्या त्या वर्षी, त्या शहरात, हे किती धोक्याचं होतं! ऑगस्टमध्ये स्तानिस्लावस्की गेले. जाण्याआधी आपल्या सहकाऱ्याला त्यांनी बजावलं होतं की मेयरहोल्डना सांभाळा, रंगभूमीवर माझा वारस तोच एक आहे. तो सहकारी पुढे हे सांगत असे.

तेव्हा ऐकायचं दोघांचं. नाटक वाचताना मी स्तानिस्लावस्कींचे प्रश्न विचारते. संहिता खाली ठेवून मुलं उभी राहिली की मेयरहोल्डचे.

बाई, 'बायोमेकॅनिक्स' म्हणजे नेमकं काय करायचं? मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, शाळेचं नाटकही माझ्याच गळ्यात असतं. आमच्याकडे हॉल नाही, मैदान आहे. — एक शिक्षक, जत

सर, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यांत जास्त आनंद झाला. मैदान असेल तर हॉलपेक्षा उत्तम.

शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. मेयरहोल्डचं म्हणणं असं की माणूस पळतो म्हणून घाबरतो. घाबरायचा विचार करत उभा राहिला तर ना नीट पळता येतं, ना नीट घाबरता येतं. शरीर योग्य जागी, योग्य तोलात ठेवा, भावना मागोमाग येते. त्या काळात कारखान्यात कामगाराची एकेक हालचाल घड्याळ लावून मोजायची अमेरिकन अभियंता टेलर यांची पद्धत गाजत होती. मेयरहोल्डनी कसबी कामगाराकडे पाहिलं : त्याच्या हालचालीत एकही फालतू नाही, लय आहे, तोल आहे. त्यांना वाटलं, नटही असा हवा. ते म्हणत, नाकाचं टोक हललं तर सगळं अंग हललं पाहिजे. नटात दोन माणसं असतात, असंही त्यांनी लिहिलं आहे : एक ठरवणारा आणि एक करणारा. सराव असतो तो दोघांची गाठ पक्की करायला.

१९९४ साली मी मुंबईत दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. शिकवणारे परदेशी शिक्षक हे सगळं मॉस्कोच्या परंपरेत शिकून आलेले. मी तेव्हा चाळिशीत, सलवार-कमीज घातलेली, एकतीस विद्यार्थ्यांत वयानं सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी हातात दिली फक्त एक काठी. ती तळहातावर उभी तोलायची आणि चालायचं. पुढं बोटावर, मग कोपरावर. तीन दिवस दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काठी हातानं तुलत नाही, टाचांनी तुलते.

मग 'धनुष्य'. हातात काही नसतं. जमिनीवरून धनुष्य उचलायचं, पाठीवरच्या भात्यातून बाण काढायचा, लावायचा, ओढायचा, सोडायचा. या एका क्रियेचे ते तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्याला तीन पावलं असतात. पहिलं 'ओत्काझ', म्हणजे नकार. पुढं जायचं असेल तर आधी किंचित मागं जा. खाली वाकायचं असेल तर आधी वर उठ. दुसरं 'पोसिल', म्हणजे धाडणं, प्रत्यक्ष क्रिया. तिसरं 'तोच्का', म्हणजे ठिपका : थांबा, पण असे थांबा की पुढची हालचाल त्या थांबण्यातच टपून बसलेली दिसावी. 'दगड फेकणं', 'थोबाडीत मारणं', 'सुऱ्याचा वार', 'छातीवर उडी' असे इतर पाठ आहेत. सगळे याच तीन पावलांवर चालतात.

सांगलीला परतल्यावर मी हे मुलांना रशियन शब्दांत सांगायला गेले आणि मुलं गोंधळली. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलत. तो म्हणाला, "बाई, बाबा असंच करत्यात." आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात जाऊन उभे राहिलो. खरंच. पोतं पाठीवर घेण्याआधी हमाल गुडघ्यात बारीकसा खाली जातो, खांदा मागं नेतो, क्षणभर थांबतो आणि मग एका झटक्यात पोतं पाठीवर. माघार, झेप, ठिपका. तेव्हापासून माझ्या वर्गात 'ओत्काझ'ला आम्ही 'माघार' म्हणतो.

सर, तुम्ही कबड्डी शिकवत असाल. चढाई करणारा हात मारण्याआधी अंग कसं मागं घेतो, ते मुलांना सावकाश करून दाखवायला सांगा. मग दगड न घेता आंब्याला दगड मारायला सांगा : पळत येणं, वाकून उचलणं, हात मागं नेणं, फेकणं, दगडामागं नजर धाडणं, कैरी पडल्याचा आनंद. प्रत्येक ठिकाणी ठिपका. आठवडाभर एवढंच करा. नंतर त्याच मुलाला संवाद द्या : "मी येणार नाही." बोलण्याआधी त्याचं अंग आपोआप पुढं झुकेल, मग मागं येईल. प्रेक्षकाला ते वाक्य कानापर्यंत यायच्या आत दिसेल.

एक काळजी घ्या. थोबाडीत मारायच्या पाठात हात गालाला लागत नाही, आवाज टाळीचा असतो. हे आधी संथ लयीत शंभरदा झाल्याशिवाय वेग वाढवू देऊ नका.

हे व्यायाम म्हणजे नाटक नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. ते रंगमंचावर जसेच्या तसे आणण्यासाठी नव्हते. त्यांचं फळ दिसलं ते १९२२ च्या एप्रिलमध्ये, क्रोमेलिंक या बेल्जियन नाटककाराच्या 'दिलदार नवरा' या प्रहसनात. ल्युबोव पोपोवा या चित्रकर्तीनं भिंती, पडदे, दारं-खिडक्या सगळं काढून टाकलं. मागं विटांची उघडी भिंत आणि पुढं लाकडी सांगाडा : जिने, घसरगुंडी, पवनचक्कीचे हात, तीन चाकं. नट निळ्या कामगारी पोशाखात, चेहऱ्याला रंग नाही. नवऱ्याचा संशय वाढला की मागची चाकं वेगानं फिरत. इलिन्स्की, बाबानोवा आणि झाइचिकोव्ह हे तिघं प्रमुख नट इतके एकजीव झाले होते की लोक तिघांचं मिळून एकच नाव घेत : 'इल्-बा-झाइ'. एवढी मोठी दाद मी नटांच्या बाबतीत दुसरी ऐकलेली नाही.

आमच्या बँकेच्या हौशी संघानं १९७८ साली पुलंचं 'अंमलदार' केलं होतं, मी पोस्टमास्तर होतो. ते मूळ रशियन नाटक मेयरहोल्डनीही केलं म्हणे. कसं केलं? — निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

हो. गोगोलचं 'रेव्हिझोर', त्याचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूप म्हणजे 'अंमलदार'. मेयरहोल्डचा प्रयोग ९ डिसेंबर १९२६ चा, आणि माझ्या मते ते त्यांचं सर्वांत मोठं काम.

तुमच्या आठवणीतलं 'अंमलदार' खळाळून हसवणारं असणार. मेयरहोल्डनी हसू ठेवलं, पण त्याखाली भीती आणून बसवली. त्यांनी नाटकाचे अंक मोडून पंधरा प्रसंग केले. रंगमंचाला अर्धगोल, चकचकीत, लालसर लाकडी भिंत आणि त्या भिंतीत पंधरा दारं. मधल्या दारांतून एक छोटासा उतरता मंच चाकांवर पुढं यायचा, साधारण आपल्याकडच्या लहानशा खोलीएवढा, आणि त्यावर गावातले सगळे अधिकारी, कोच, मेणबत्त्या, पाइपचा धूर, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे कोंबलेले. एवढ्या मोठ्या रंगमंचावर एवढीशी जागा! सत्तेच्या कोंदट खोल्या अशाच असतात.

लाच देण्याचा प्रसंग तुमच्या पोस्टमास्तरानं एकेकट्यानं आत येऊन केला असेल. इथं सगळी दारं एकदम किलकिली झाली आणि प्रत्येकातून एकेक हात पुढं आला, हातात नोटांचं पाकीट. आणि शेवट. खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि सगळे थिजतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मेयरहोल्डनी खालून वर जाणारा एक पांढरा पडदा आणला, त्यावर वर्दीची अक्षरं. पडदा वर गेला तर सगळी पात्रं थिजून उभी. प्रेक्षक वाट पाहत राहिले की आता कुणीतरी पापणी हलवील. काही क्षणांनी लक्षात आलं की ती माणसं नाहीत, माणसाएवढ्या बाहुल्या आहेत.

या प्रयोगावर रशियात कडाडून टीका झाली. गोगोलचा खून केला म्हणाले. मला वाटतं, गोगोलला शोभेल असाच तो शेवट होता.

'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची भिंत मेयरहोल्डवरून आली का? — नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही गं. तिचं मूळ कोकणातल्या खेळ्यांत आणि दशावतारात आहे, ते तिथंच राहू दे. साम्य आहे ते दुसऱ्या कारणानं. मेयरहोल्डही आपल्या जत्रांकडे गेले होते. रशियन जत्रेतल्या तंबूतल्या खेळाला 'बालागान' म्हणतात. त्यावर त्यांनी १९१२ साली मोठा लेख लिहिला. इटलीतले मुखवट्यांचे खेळ, जपानी रंगभूमी यांतूनही त्यांनी घेतलं. १९१० साली मोलिएरचा 'दोन जुआन' करताना त्यांनी पुढचा पडदा काढला, प्रेक्षागृहातले दिवे चालू ठेवले आणि घंटी वाजवून प्रेक्षकांना बोलावणारी, पडलेला रुमाल उचलून देणारी पोरं रंगमंचावर मोकळी सोडली. आपल्या बाळगोपाळांना यात नवं काही वाटलं नसतं. ज्यांची जत्रा जिवंत असते, त्यांना एकमेकांकडून उसनं घ्यावं लागत नाही.

बाई, तुम्ही त्यांच्याबद्दल फार हळवेपणानं लिहिता. ते तर स्वतः क्रांतीचे झेंडे नाचवणारे होते. त्याच क्रांतीनं त्यांना खाल्लं. यात एवढं वाईट वाटण्यासारखं काय? — एक वाचक, पुणे

तुमचं पत्र कठोर आहे, पण त्यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत, म्हणून उत्तर देते.

होय, १९१८ साली ते लेनिनच्या बोल्शेविक पक्षात गेले, तेव्हा मोठ्या कलावंतांत असं करणारे अगदी थोडे होते. क्रांतीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी कवी मायकोव्हस्कीचं 'मिस्टेरिया-बूफ' हे नाटक बसवलं, नेपथ्य चित्रकार मालेविचचं. १९२० साली सरकारच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाल्यावर 'रंगभूमीवर ऑक्टोबर', म्हणजे रंगभूमीवरही क्रांती, अशी घोषणा दिली आणि जुन्या नाटकगृहांवर तोंडसुख घेतलं. इतरांच्या कामाला त्यांनी वापरलेले शब्द वाचवत नाहीत. पुढं तीच भाषा त्यांच्यावर उलटली. १९३७ च्या डिसेंबरात पक्षाच्या 'प्रावदा' या वर्तमानपत्रात लेख आला, मथळा 'परके थिएटर'. तीन आठवड्यांत थिएटर बंद. त्यांच्यासाठी मॉस्कोत एक नवं नाटकगृह बांधलं जात होतं; ते पुढं संगीतकार चायकोव्हस्कीच्या नावाचा संगीत हॉल म्हणून उघडलं आणि आजही आहे.

पण पुढचं ऐका. २० जून १९३९ ला त्यांना लेनिनग्राडमध्ये अटक झाली. साडेतीन आठवड्यांनी त्यांची पत्नी, अभिनेत्री झिनाइदा राइख, मॉस्कोतल्या घरात सुऱ्याचे वार करून मारली गेली. तुरुंगात त्यांच्यावर ब्रिटिशांचे आणि जपान्यांचे हेर असल्याचा आरोप ठेवला. १३ जानेवारी १९४० ला त्यांनी सरकारप्रमुख मोलोतोव्हना पत्र लिहिलं. ते उपलब्ध आहे. पासष्ट वर्षांच्या आजारी म्हाताऱ्याला पालथं पाडून तळपायांवर आणि पाठीवर रबरी पट्ट्यानं मारलं. मग रक्त साकळलेल्या त्याच जागांवर पुन्हा मारलं, तेव्हा उकळतं पाणी ओतल्यासारखं वाटत होतं, असं त्यात आहे. चौकशी करणारा सांगे, लिहिलं नाहीस तर डोकं आणि उजवा हात तेवढा शिल्लक ठेवू, बाकीच्याचा रक्तामांसाचा गोळा करू. उजवा हात सहीसाठी.

जो माणूस आयुष्यभर शिकवत आला की शरीराला पुरतं ओळखा, ते खोटं बोलत नाही, त्याच्या शरीराचं हे केलं. १ फेब्रुवारीला बंद दाराआड खटला, त्यात त्यांनी मारहाणीखाली दिलेला कबुलीजबाब मागं घेतला. २ फेब्रुवारीला गोळी. १९५५ साली सरकारनं त्यांना निर्दोष ठरवलं.

मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. चूक विचार बाळगणाऱ्या माणसालाही असं मरण येऊ नये. आणि यांचे तर विचारही सगळे चूक नव्हते.

आणखी एका वाचकानं विचारलं आहे : अटकेपूर्वी दिग्दर्शकांच्या परिषदेत 'तुम्ही कलेचा खून केलात' असं धडाडीचं भाषण त्यांनी केलं होतं ना? ती गोष्ट युरी येलागिन यांच्या पुस्तकातून जगभर गेली. परिषदेचं टिपण नंतर सापडलं, त्यात ते भाषण नाही. त्यात एक थकलेला माणूस आपल्या चुका कबूल करताना दिसतो. मला त्या दंतकथेपेक्षा हा थकलेला माणूस जवळचा वाटतो. त्याला वीर करायची गरज नाही.

त्यांचं सगळं नष्ट केलं असेल, तर आज एवढी माहिती मिळते कुठून? — संगणक अभियंता, सध्या म्युनिक

लोकांनी लपवून ठेवलं म्हणून.

राइखला कवी येसेनिनपासून झालेली मुलगी तात्याना तेव्हा एकवीस वर्षांची होती. आई मारली गेलेली, सावत्र वडील तुरुंगात. तिनं मेयरहोल्डची कागदपत्रं, तालमींच्या वह्या, पत्रं मॉस्कोबाहेर गोरेन्की इथल्या घरी नेली. १९४१ साली जर्मन फौजा मॉस्कोकडे येऊ लागल्या, तेव्हा ती पुढं नेली सेर्गेई आयझेन्स्टाइन यांनी. चित्रपटातले ते प्रसिद्ध आयझेन्स्टाइन, १९२१ सालच्या मेयरहोल्डच्या वर्गातले विद्यार्थी. देशद्रोही ठरवलेल्या गुरूचे कागद घरी सापडले असते तर त्यांचंही तेच झालं असतं. त्यांनी ते क्रातोवोतल्या आपल्या घरात लपवले, आणि मरेपर्यंत, १९४८ पर्यंत, सांभाळले. नंतर ते सरकारी साहित्य-अभिलेखागारात गेले. पुढं नात मारिया वालेन्तेइ त्यांचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून वर्षानुवर्षं झगडल्या, आणि ज्या घरात राइखचा खून झाला, ते आज संग्रहालय आहे.

ही झाली कागदांची गोष्ट. शरीराची वेगळी आहे. निकोलाय कुस्तोव्ह नावाचा त्यांच्या थिएटरातला नट बायोमेकॅनिक्स शिकवत असे. धनुष्याचे आणि दगडाचे जे जुने फोटो तुम्ही पाहता, त्यांत तोच आहे. थिएटर बंद झालं, गुरू गेला, या विद्येचं नाव घेणंही अवघड झालं. कुस्तोव्हनी ते अंगात ठेवलं. तीस-पस्तीस वर्षांनी, १९७० च्या दशकात, मॉस्कोच्या सटायर थिएटरमध्ये मेयरहोल्डचेच जुने नट प्लुचेक प्रमुख होते. तिथं म्हाताऱ्या कुस्तोव्हनी काही तरुण नटांना ते पाठ शिकवले. त्यांतले गेन्नादी बग्दानोव्ह आणि अलेक्सेई लेविन्स्की पुढं गुरू झाले आणि युरोपभर गेले. मी १९९४ साली ज्यांच्याकडून धनुष्य शिकले, ते शिक्षक बग्दानोव्हच्या वर्गात बसून आले होते.

म्युनिकहून बर्लिन लांब नाही. तिथं बग्दानोव्ह परंपरेतले वर्ग होतात. जमलं तर एकदा जा, काठी तोलून बघा, आणि टाचांना काय कळलं ते मला लिहा.